होडी, पंगत आणि चार वर्षांचं विद्यापीठ : ताय निन्हच्या काओ दाई समाजाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण व्हिएतनाममध्ये काओ दाई धर्माच्या वस्तीत कुणी वारलं की घरच्यांना खांदेकरी शोधत फिरावं लागत नाही. निरोप मंदिरात जातो आणि पुढचं वस्ती बघते. घर गरीब असेल तर पेटीचा खर्चही वर्गणीतून होतो. पांढऱ्या झग्यातली मुलं येतात आणि ओळीने उभी राहून प्रार्थना गातात. मृताला न्यायला एक होडी येते. लांबट, रंगवलेली, पुढे ड्रॅगनचं तोंड आणि मागे त्याची शेपटी असलेली ही होडी जमिनीवरून चालते. पूर्वी ती माणसं ओढायची, आता बऱ्याच ठिकाणी मोटारीवर बसवलेली असते. बरोबरचे लोक स्वतःला खांदेकरी मानत नाहीत, त्या होडीचे खलाशी मानतात. तिचं नाव 'थुएन बात न्या'. 'थुएन' म्हणजे होडी. 'बात न्या' हा शब्द मराठी माणसाला ओळखीचा आहे, फक्त ओळखू येत नाही: आपली 'प्रज्ञा' चिनीतून व्हिएतनामीत पोहोचेपर्यंत झिजून अशी झाली. प्रज्ञेची होडी, पैलतीराला नेणारी. जमीनदार असो की त्याच्या शेतावरचा मजूर, होडी तीच.

ही होडी मला या प्रकरणाची किल्ली वाटते. या समाजाने पन्नासेक वर्षांत शाळा, अनाथालय, वृद्धाश्रम, प्रसूतिगृह, शेती, कारखाने आणि शेवटी विद्यापीठ उभं केलं. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत त्यातलं जवळजवळ सगळं हातातून गेलं. तरीही सेवेचं काम तगलं आणि पुढे पुन्हा वाढलं. शिक्षणाचं काम मात्र उभं राहू शकलं नाही. दोन्ही कामं एकाच माणसांनी, एकाच श्रद्धेने केलेली असताना असं का व्हावं, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

धर्म आणि त्याचा काळ

ताय निन्ह हे गाव सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. १९२१मध्ये फू क्वोक बेटावरचा एक सरकारी अधिकारी न्गो वान चिएउ याला दिव्य डोळ्याचं, म्हणजे ईश्वराच्या प्रतीकाचं, दर्शन झालं, तिथून काओ दाई धर्माची सुरुवात धरतात. १९२५मध्ये सायगॉनमधले तीन नोकरदार, फाम कोंग ताक, काओ क्विन्ह कू आणि काओ होआई सांग, प्लँचेटसारख्या बैठकांतून त्याच ईश्वरापर्यंत पोहोचले. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी धर्मस्थापनेचं निवेदन फ्रेंच गव्हर्नरकडे दिलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ताय निन्हजवळच्या गो केन पॅगोडात जाहीर सोहळा झाला. बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस यांचे मार्ग एकाच मुळाचे, हा त्याचा गाभा. ताय निन्हच्या महामंदिराच्या मागच्या अष्टकोनी भागाच्या छपरावर ब्रह्मा, शिव आणि कृष्ण एकमेकांना पाठ लावून उभे आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आतल्या दर्शनी चित्रात चिनी नेते सन यत्-सेन, व्हिएतनामी कवी न्गुएन बिन्ह खिएम आणि फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो मिळून देव व माणूस, प्रेम आणि न्याय असे शब्द लिहिताना दाखवलेत.

परदेशी पाहुणे या चित्रापाशी आणि रंगीत खांबांपाशी थांबतात. खेड्यातला कूळ-शेतकरी मात्र या धर्मात चित्र पाहून आला नव्हता. त्या काळच्या दक्षिण व्हिएतनाममध्ये जमीन थोड्यांच्या हातात होती. खंड भरून उरलेल्यात सावकाराचं व्याज जायचं. मीठ, दारू आणि अफू यांची मक्तेदारी सरकारची. जुनी गावकी मोडकळीला आलेली. आजारपण आणि मरण या दोन खर्चांनी कुटुंब कायमचं कर्जात जायचं. अशा माणसाला 'तू मेलास तर तुझी होडी आम्ही काढू' असं सांगणारा धर्म म्हणजे नुसता उपदेश नव्हता.

संस्थापकांत सामाजिक कामाची सवय आधीपासून होती. पहिले प्रमुख ले वान त्रुंग हे वसाहतीच्या सल्लागार मंडळावर राहिलेले व्यावसायिक. सायगॉनमध्ये १९१५ला सुरू झालेल्या मुलींच्या शाळेसाठी खटपट करणाऱ्यांत ते होते, असं काओ दाई चरित्रं अभिमानाने सांगतात. जांभळ्या गणवेशावरून ओळखली जाणारी ती शाळा वेगळ्या नावाने आजही चालू आहे.

कायद्यात घातलेली शेजारधर्माची सक्ती

१९२७च्या सुमारास समाजाने स्वतःसाठी 'तान लुआत', म्हणजे नवा कायदा, केला. त्यात पूजेचे नियम आहेत तसे संसाराचेही आहेत. लग्न ठरलं की आठ दिवस आधी मंदिरात जाहीर करायचं. दुसरी बायको करायची नाही. दारू, अफू, जुगार आणि जीवहत्येचा धंदा नाही. मयत फार दिवस ठेवायचं नाही आणि तेराव्यासारख्या जेवणावळी, त्याही दारू-मटणाच्या, घालायच्या नाहीत. शेजारच्या घरी मयत झालं तर जायचं आणि मदत करायची, हे कर्तव्य. साधारण ५०० अनुयायी झाले की स्वतंत्र शाखा आणि तिचं मंदिर. मुलांना अक्षर आणि आचार शिकवण्यासाठी शाळा काढाव्यात, हेही त्यात आहे.

याहून महत्त्वाची मला वाटते ती खालची रचना. प्रत्येक गावात चान्ह त्री सू हा कारभारी आणि त्याच्या हाताखाली वाडीवाडीत एक फो त्री सू व एक थोंग सू. फो त्री सूने शिकवायचं आणि अडल्यानडल्याला सांभाळायचं, थोंग सूने न्याय झाला की नाही ते बघायचं. त्यांची श्रद्धेतली बिरुदं ऐकण्यासारखी आहेत: फो त्री सूला धर्मगुरूचा धाकटा भाऊ म्हणतात, थोंग सूला धर्मरक्षकाचा. वाडीत कोण आजारी आहे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणती म्हातारी एकटी पडली, हे ज्याला ठाऊक असायलाच हवं, त्याला थेट सर्वोच्च पीठाचा भाऊ केलं. पगार नाही, कचेरी नाही. हा माणूस शेजारीच राहतो आणि सगळ्यांसारखाच भातलावणी करतो.

फुओक थिएन : पुण्याची बारा पायऱ्यांची शिडी

समाजाच्या सेवाकार्याची मोठी संस्था म्हणजे फुओक थिएन. शब्दशः अर्थ पुण्य आणि सत्कर्म. तिचं मूळ १९३०च्या आसपासच्या 'फाम मोन' या गटात आहे. इथला 'फाम' म्हणजे पुन्हा आपला ब्रह्म. फाम मोन म्हणजे ब्रह्मद्वार. फाम कोंग ताक यांच्या प्रेरणेने काही कुटुंबांनी आपला सगळा संसार या कामाला वाहिला, शेती आणि हस्तोद्योगाची केंद्रं काढली आणि त्यांच्या उत्पन्नातून मंदिराचं बांधकाम व गरिबांचा सांभाळ सुरू केला. फ्रेंच सरकारला हा प्रकार संशयास्पद वाटला. परवानगीशिवाय संघटना चालवणं गुन्हा होता. काओ दाई परंपरेत सांगतात की मग केंद्रांवर 'फाम न्गिएप' अशी पाटी लागली. उच्चार तोच, पण अर्थ 'फाम घराण्याची मालमत्ता' असाही होतो, आणि फाम हे तर ताक यांचं आडनाव. घराण्याची शेती कोण बंद करणार?

१९३८मध्ये समाजाच्या कारभाराचे चार विभाग पक्के झाले: प्रशासन, फुओक थिएन, धर्मप्रसार आणि न्याय. सेवा हा प्रशासनाचा पोटविभाग राहिला नाही, त्याच्या शेजारी बसला. आणि तिला स्वतःची बारा पायऱ्यांची शिडी मिळाली. ही शिडी जवळून बघण्यासारखी आहे. पहिल्या दोन पायऱ्यांची नावं कन्फ्यूशियसच्या परंपरेतून आली: मिन्ह दुक, म्हणजे अंगचा सद्गुण उजळणं, आणि तान दान, म्हणजे लोकांना नवं करणं. तिसरी थिन्ह थिएन, चांगलं ऐकणारा. चौथी हान्ह थिएन, चांगलं करणारा. पाचवी ज्याओ थिएन, चांगलं शिकवणारा. पुढे चढत चढत शेवटच्या दोन पायऱ्यांवर तिएन तू आणि फात तू, देवपुत्र आणि बुद्धपुत्र.

तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी ज्याने या क्रमाने लावली, त्याला माणसांची चांगली पारख होती, असं मला मनापासून वाटतं. आधी ऐक, मग कर, आणि करून झाल्यावरच शिकव. सेवाक्षेत्रात वर्षं घालवलेल्या कुणालाही विचारा, तिथली किती भांडणं हा क्रम उलटल्यामुळे होतात.

दुसरी गोष्ट अशी की ज्याला बैठकांतला गूढ भाग जमत नाही, ग्रंथ वाचता येत नाहीत, त्यालाही या शिडीने परमपदाची वाट दिली. लाकूड तासणारा सुतार आणि भात निवडणारी बाई याच वाटेने वर जाऊ शकत होती. अशा श्रमसेवेला 'कोंग क्वा' म्हणतात. कोंग म्हणजे श्रम, क्वा म्हणजे फळ. महामंदिर या कोंग क्वामधून उभं राहिलं. बांधकाम चालू असेपर्यंत कारागिरांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. १९३०च्या दशकात सुरू झालेलं काम १९४७मध्ये पुरं झालं आणि १९५५मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पैसा देणारेही होते. विन्ह लाँगकडच्या लाम हुओंग थान्ह या श्रीमंत बाईंनी आपली मोठी संपत्ती दिली आणि त्या स्त्रियांमधल्या सर्वोच्च पदाला पोहोचल्या. काओ दाईत स्त्रियांना कार्डिनलच्या तोडीपर्यंतचं पद मिळतं, त्याच्या वर नाही. ही मर्यादा आजही आहे आणि ती मला खटकते.

पुढच्या काळात फुओक थिएनच्या छत्राखाली वृद्धाश्रम, अनाथालय, प्रसूतिगृह, दवाखाना, शेती, कार्यशाळा आणि होडीघर अशी कामं उभी राहिली. युद्धामुळे गाव सोडून आलेली कुटुंबं महामंदिराभोवतालच्या पवित्र भूमीच्या आसऱ्याला आली. लाँग होआ नावाची मोठी बाजारपेठ वसली. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९४०च्या दशकात या समाजाकडे स्वतःचं सैन्य होतं, आधी जपान्यांच्या आणि मग फ्रेंचांच्या पाठबळाने. संरक्षण, अन्न आणि सत्ता एकाच हातातून मिळत होती. गावातला माणूस श्रद्धेने आला की गरजेने, हे त्या वेळी वेगळं काढता येत नव्हतं, आणि त्या सैन्याची किंमत पुढे सेवाकार्यालाही मोजावी लागली.

शाळा

शिक्षणाची बाजू मी मुद्दाम थोडक्यात मांडतो, कारण तिचा इतिहासच मधेच तुटला. पवित्र भूमीत 'दाओ दुक होक दुओंग' ही प्राथमिक शाळा निघाली. नावाचा अर्थ सदाचाराची शाळा. नंतर ले वान त्रुंग यांच्या नावाची माध्यमिक शाळा आली. धर्माच्या पदाधिकाऱ्यांसाठी 'हान्ह दुओंग' नावाचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. आणि १९७१मध्ये ताय निन्हला काओ दाई विद्यापीठ उघडलं. त्यात शेती-वनीकरण-पशुपालन आणि शिक्षक-प्रशिक्षण या शाखा होत्या. शेतकरी समाजाने काढलेल्या विद्यापीठाने शेतीपासून आणि शिक्षक घडवण्यापासून सुरुवात करावी, याहून शहाणपणाची निवड मला सुचत नाही. त्याला आयुष्य मिळालं चार वर्षांचं.

१९७५ ते १९७९

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडलं. नव्या सरकारने खासगी आणि धार्मिक शिक्षणसंस्था ताब्यात घेतल्या. विद्यापीठ त्यातच संपलं. दवाखाने, अनाथालय, शेती, कार्यशाळा यांचंही तेच झालं. १९७८मध्ये काओ दाई पीठाच्या राजकीय इतिहासावर जाहीर दोषारोप करणारा निवाडा निघाला. १ मार्च १९७९च्या आदेशाने समाजाची सगळी उतरंड, फुओक थिएनसकट, बरखास्त झाली आणि तिच्या जागी सरकारला मान्य असं छोटं व्यवस्थापन मंडळ आलं. प्लँचेटच्या बैठकांवर बंदी आली. नव्या नेमणुका बैठकीतल्या संमतीनेच होत असल्यामुळे बढत्याही गोठल्या. बारा पायऱ्यांच्या शिडीवर जो जिथे होता तिथेच म्हातारा झाला.

संस्था गमावण्याचा या समाजाचा हा पहिला अनुभव नव्हता. १९४१मध्ये फ्रेंचांनी समाजाचे तेव्हाचे प्रमुख फाम कोंग ताक यांना मादागास्करकडे हद्दपार केलं आणि ते १९४६पर्यंत बाहेर होते. १९५६मध्ये त्यांना कंबोडियात जावं लागलं आणि १९५९मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. अस्थी ताय निन्हला परतल्या त्या २००६मध्ये. म्हणजे वरचा मजला कोसळला तर खालच्यांनी काय करायचं, याचा सराव गावांना आधीच झाला होता.

काय तगलं आणि का

गावात मरणं थांबत नाहीत. पीठ बरखास्त झालं म्हणून शेजारच्या घरचं मयत पडून राहत नाही. वाडीतला माणूस उठला, चार जणांना हाका मारल्या, होडी काढली. त्याला वरून निधी येत नव्हता, त्यामुळे तो बंदही झाला नाही. हुकमाने कचेरी बंद होते, पण एका घराने दुसऱ्या घरी तांदूळ पोचवणं बंद करायला प्रत्येक दारात शिपाई उभा करावा लागेल.

शिक्षणाचं नेमकं उलटं. शाळेला इमारत, मान्यता, परीक्षा, प्रमाणपत्र आणि पगारी शिक्षक लागतो. यातली एकेक गोष्ट सरकारच्या दारातून येते. घरोघर लपून सेवा करता येते. पदवी लपून देता येत नाही. शिवाय काओ दाई शाळा हळूहळू देशाच्या मुख्य शिक्षणपद्धतीसारख्या होत गेल्या होत्या, आणि समाजाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण मुलांना नोकऱ्या हव्या होत्या. पण त्यामुळेच त्या एका सहीने सरकारी शाळा होऊ शकल्या. होडीचं सरकारीकरण कसं करणार?

अर्थात जे तगलं ते लहान होऊन तगलं, हेही स्पष्ट लिहायला हवं. अनाथ मुलाला वाडी जेवू घालू शकते, वीस वर्षं वाढवू शकत नाही. प्रसूतीत अडलेल्या बाईला शेजारणी धीर देतील, शस्त्रक्रिया करू शकणार नाहीत. फुओक थिएन गेल्यानंतर ही पोकळी लोकांच्या सदिच्छेने भरून निघाली, असं म्हणणं त्या वीस वर्षांतल्या गरिबांवर अन्याय ठरेल.

परतीचा काळ

१९९०च्या दशकात सरकारचं धोरण सैलावलं. १९९७मध्ये ताय निन्हच्या पीठाला नव्या घटनेसह मान्यता मिळाली. प्लँचेटच्या बैठका मात्र परतल्या नाहीत, आणि ही मान्यता न स्वीकारणारे अनुयायी देशात आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी परदेशातही आहेत. २०१९च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये सुमारे साडेपाच लाख लोकांनी स्वतःची नोंद काओ दाई अशी केली. समाज स्वतःचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतो.

मान्यतेनंतर सेवेचं काम भराभर वर आलं, कारण त्याची मुळं जमिनीत होतीच. मेकाँगच्या खोऱ्यातल्या अनेक मंदिरांत झाडपाल्याच्या औषधांचे मोफत दवाखाने चालतात. इस्पितळांबाहेर काओ दाई मंडळी पहाटे उठून रुग्णांसाठी पेज आणि भात शिजवतात. कालव्यांवर छोटे पूल बांधतात, गरिबांना घरं बांधून देतात.

सगळ्यात मोठी पंगत ताय निन्हलाच बसते, वर्षातून दोनदा: चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्याच्या नवमीला, ईश्वराच्या उत्सवाला, आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, जगन्मातेच्या उत्सवाला. खेड्याखेड्यांतून ट्रक येतात. त्यात तांदूळ, दुधी, भोपळे, केळफूल, फणस, सरपण. ज्याचं जे पिकलं ते. प्रत्येक वस्तीची माणसं आपापले पाळीचे दिवस धरून येतात. कुणी भाजी चिरतं, कुणी टोफू तळतं, कुणी फक्त भांडी घासतं. जेवण संपूर्ण शाकाहारी आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी फुकट. कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. रोजच्या आयुष्यात अनुयायी महिन्यातून सहा किंवा दहा दिवस मांस वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी रांधण्यात या बायकांचा हात धरणारं कुणी नाही. कच्च्या फणसाच्या आणि अळंबीच्या रश्शाला त्या जी चव आणतात, तिच्यामुळे ताय निन्हचं शाकाहारी जेवण देशभर नावाजलं गेलंय.

शिक्षण मात्र परतलं ते फक्त धर्मापुरतं. हान्ह दुओंगचे वर्ग पुन्हा भरतात. हो ची मिन्ह सिटीत १९६५पासूनची धर्मशिकवणीची एक संस्था अभ्यासवर्ग घेते. जानेवारी २०१८पासून लागू झालेल्या कायद्यात धार्मिक संस्थांना शिक्षण, आरोग्य आणि समाजसेवेत भाग घ्यायला परवानगी आहे, 'संबंधित कायद्यांनुसार'. आरोग्य आणि दानधर्म या शब्दांखाली बरंच काम उभं राहिलं. १९७१सारखं विद्यापीठ पुन्हा झालं नाही.

तरी एक वर्ग कधी सुटला नाही, आणि तो शाळेच्या यादीत कुणी धरत नाही. होडीपुढे गाणारी ती मुलं. त्यांना 'दोंग न्यी' म्हणतात. १९३५च्या सुमारास या समाजाने रोजच्या जगण्यासाठी छंदोबद्ध प्रार्थना तयार केल्या. जेवायला बसताना एक, जेवून उठताना एक, घराबाहेर पडताना एक. अभ्यासाला बसताना म्हणायचीही एक आहे. तिच्यात मूल परमपित्याला आपली बुद्धी उघडायला सांगतं. या सगळ्या रोमन लिपीतल्या साध्या व्हिएतनामीत आहेत, चिनी अक्षरांत नाहीत, म्हणून शेतमजुराचं मूलही त्या वाचू शकतं. संध्याकाळी मंदिरात एखादी मोठी ताई चाल धरते, मुलं ओळीवर बोट ठेवून मागे म्हणतात, चुकतात, पुन्हा म्हणतात. मग वाडीत कुणाचा निरोप येतो, आणि पांढरे झगे घालून ती मुलं त्या घरी जातात.